शोभा सांगता येत नाही, मग कवी काय करतो? ('कानडा हो विठ्ठलु' आणि 'सुंदर ते ध्यान')

निरंजना

गेला महिनाभर दोन अभंग एकापाठोपाठ वाचते आहे. दोन्ही आपल्या इतके कानावरचे, की शब्दांकडे लक्ष जाण्याआधीच चाल पुढे ओढून नेते. म्हणून या वेळी चाल बाजूला ठेवली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. जे दिसलं ते मांडते. चुकत असेन तर जरूर सांगा.

दोन्ही कवींसमोर रूप एकच, विठ्ठलाचं. ज्ञानेश्वर तेराव्या शतकाच्या अखेरचे, तुकोबा सतराव्या शतकातले, म्हणजे मध्ये साडेतीनशे वर्षं. अडचणही एकच: हे जे दिसतंय ते बोलायचं कसं?

आधी ज्ञानेश्वर.

पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती ।
रत्नकीळ फांकती प्रभा ।
अगणित लावण्य तेजःपुंजाळलें ।
न वर्णवे तेथींची शोभा ॥

कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु ।
येणें मज लाविलें वेधीं ।
खोळ बुंथी घेउनी खुणाची पालवी ।
आळविल्या नेदी सादु ॥

शब्देविण संवादु दुजेविण अनुवादु ।
हें तंव कैसेंनि गमे ।
परेहि परतें बोलणें खुंटलें ।
वैखरी कैसेनि सांगें ॥

पाया पडूं गेलें तंव पाउलचि न दिसे ।
उभाचि स्वयंभू असे ।
समोर कीं पाठीमोरा न कळे ।
ठकचि पडिलें कैसें ॥

क्षेमालागीं मन उतावीळ माझें ।
म्हणवूनि स्फुरताती बाहो ।
क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली ।
आसावला जीव राहो ॥

बाप रखुमादेवीवरु हृदयींचा जाणुनी ।
अनुभवु सौरसु केला ।
दृष्टीचा डोळा पाहों गेलें तंव ।
भीतरीं पालटु झाला ॥

पहिलं कडवं पाहा. कांती, तेज, कीळ, प्रभा, पुन्हा तेज. ('कीळ' म्हणजे रत्नातून फुटणारं तेज.) प्रकाशाचे एवढे शब्द एका कडव्यात आले, तरी आपल्या नजरेपुढे रूप उभं राहत नाही. कपाळ कसं, हात कुठे, काही नाही. दिव्याकडे थेट बघितलं की दिव्याचा आकार हरवतो, तसं होतं. 'न वर्णवे' ही कबुली चौथ्या ओळीत येते, पण त्याआधीच वर्णन दिपून गेलेलं असतं. आणि कवी 'त्याची शोभा' म्हणत नाही, 'तेथींची शोभा' म्हणतो. जणू समोर कुणी व्यक्ती नसून एखादी जागा आहे.

'शब्द अपुरे पडतात' हे वाक्य आपण वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे वापरतो आणि सुटतो. ज्ञानेश्वर एवढ्यावर सुटत नाहीत. शब्द नेमका कुठे अडला तेही ते सांगतात. आपल्या परंपरेत वाणीच्या चार पायऱ्या मानल्या आहेत: नाभीत परा, हृदयात पश्यंती, कंठात मध्यमा आणि तोंडावाटे बाहेर पडते ती वैखरी. 'परेहि परतें बोलणें खुंटलें.' म्हणजे शब्द ओठांवर येऊन अडला असं नाही. जिथे तो रुजायचा, त्याच्याही पलीकडे खुंटला. मग बिचाऱ्या वैखरीने काय सांगावं?

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते एका साध्या वळणाने: 'गेलें तंव'. पाया पडूं गेलें तंव. क्षेम देऊं गेलें तंव. (क्षेम म्हणजे आलिंगन.) पाहों गेलें तंव. तीनदा पुढे जाणं आहे आणि तिन्ही वेळा जे धरायला गेलं ते हाती लागत नाही. पाय धरायला गेले तर पाऊलच दिसेना, थक्क झाले ('ठकचि पडिलें'). मिठी मारायला गेले तर मी एकटीच. सौंदर्य शब्दांत पकडण्याची जी धडपड म्हणतो, ती या तीन शब्दगटांत आहे, 'न वर्णवे'मध्ये नाही. 'न वर्णवे' कुणीही म्हणेल. तीनदा हात पुढे करून तीनदा रिकामा मागे आणणं, आणि तिसऱ्या वेळी बदल समोर न होता आपल्याच आत झाला हे ओळखणं, हे दुसऱ्या कुणाला साधलं असतं असं मला वाटत नाही.

आता तुकोबा.

सुंदर तें ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥
तुळसीहार गळां कासे पितांबर ।
आवडे निरंतर तेंचि रूप ॥
मकरकुंडलें तळपती श्रवणीं ।
कंठीं कौस्तुभमणि विराजित ॥
तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख ।
पाहीन श्रीमुख आवडीनें ॥

(दुसऱ्या चरणाच्या शेवटी 'हेंचि ध्यान' असंही म्हटलं जातं.)

इथे 'न वर्णवे' नाही. 'कैसेनि' नाही. प्रश्नच नाही. 'सुंदर' हा शब्द पहिलाच, अगदी रोजच्या वापरातला. पुढे सरळ मोजणी: वीट, कमरेवर हात, गळ्यात तुळस, कासेला पीतांबर, कानांत कुंडलं, कंठात मणी. चारही चरणांत उपमा एकही नाही. चंद्र नाही, कमळ नाही, मेघ नाही.

मला बरीच वर्षं वाटत होतं की हा सोपा अभंग आहे आणि तो अवघड. तुकोबांना शब्दांची अडचण आलीच नाही, जे दिसलं ते सांगितलं. परवा मात्र यादी परत मोजली. कुंडलं कुठे असतात? चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना. मणी कुठे? चेहऱ्याच्या खाली. म्हणजे चेहऱ्याभोवती चौकट आखून झाली आहे. आता त्या चौकटीत डोळे कसे, हसू कसं, हे यायला हवं. तिथे काय येतं? 'पाहीन श्रीमुख आवडीनें.' त्या मुखाला एक विशेषण मिळत नाही. 'पाहिलं' असंही नाही, 'पाहीन'. चेहरा सांगायची वेळ आली तशी कवीने बोलायचं सोडलं आणि बघायला सुरुवात केली.

म्हणून माझं म्हणणं असं, की दोघांनीही मधली जागा मोकळी ठेवली आहे. ज्ञानेश्वर ती मोकळी आहे हे सांगतात, तुकोबा न सांगता मोकळी सोडतात. आणि दोघांपैकी कुणाकडेही शब्दांची वानवा नव्हती हे विसरू नये. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके' म्हणणारा कवी इथे 'बोलणें खुंटलें' म्हणतो. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' म्हणणारा, शब्दालाच देव म्हणणारा कवी इथे रत्न म्हणून काय ठेवतो, तर देवाच्या गळ्यातला मणी. स्वतःचं एकही नाही.

तुम्हाला हे पटतं का?

जुनेरी_पोथी

निरंजनाताई, 'गेलें तंव' आता प्रत्येक वेळी ऐकू येणार.

'कानडा'विषयी थोडी भर घालतो. या शब्दावर दोन मतं आहेत. एक सरळ, कानडी मुलखातला. विठ्ठलाचं त्या भूमीशी नातं जुनं आहे आणि रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये देवाच्या घडणीचा शोध फार खोलवर घेतला आहे. दुसरं मत असं, की जुन्या मराठीत 'कानडें' म्हणजे कळायला अवघड, अगम्य. 'कर्नाटकु'चीही फोड करून नाटक करणारा, लीला करणारा असा अर्थ लावतात.

मला या दोहोंतून एक निवडावंसं वाटत नाही, आणि कारण तुमच्या विषयाशीच जोडलेलं आहे. ज्याची भाषा आपल्याला येत नाही त्याच्याशी आपण कसं बोलतो? खुणांनी. आणि लगेच पुढच्याच ओळीत काय आहे? 'खोळ बुंथी घेउनी खुणाची पालवी.' बुंथी म्हणजे डोक्यावरून घेतलेलं पांघरूण. त्या पांघरुणाआडून तो खुणावतो, पण हाक मारली तर ओ देत नाही. म्हणजे 'कानडा' म्हटलं, खुणा आल्या, मग 'शब्देविण संवादु' आलं. एकातून एक निघत गेलं आहे.

वेल्हाळ

मी 'ठकचि पडिलें' म्हणजे 'फसले' असं समजत होते. थक्क झाले असा अर्थ आहे होय! इतकी वर्षं गुणगुणते आहे. धाग्याबद्दल मनापासून आभार.

आडवाट

ज्ञानेश्वरांबद्दल पूर्ण सहमत. तुकोबांबद्दल नाही.

मकरकुंडलं, कौस्तुभ, पीतांबर ही विष्णूची ठरलेली लक्षणं आहेत. कुठलाही ध्यानश्लोक घ्या, हीच सापडतील. त्यामुळे 'उपमा टाळली' वगैरे म्हणणं मला ताणलेलं वाटतं. तुकोबा परंपरेचा साचा वापरत आहेत. दुसरं, देवाचं वर्णन पायांपासून वर न्यायचं आणि माणसाचं डोक्यापासून खाली, हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे. त्यामुळे मुख शेवटी येणारच. त्यात मौन शोधायचं असेल तर तसं ते कितीतरी स्तोत्रांत सापडेल.

मला अभंग आवडतो, तो मुद्दा नाही. पण धडपड ज्ञानेश्वरांच्या रचनेत आहे. तुकोबांच्या या अभंगात समाधान आहे, आणि समाधानाला धडपड म्हणू नये.

निरंजना

आडवाट, हे बोललात ते बरं झालं, कारण संकेताचा विचार मी लिहिताना केलाच नव्हता.

आता करून पाहिला. संकेत मुखाशी संपायला सांगतो हे खरं. पण मुखाशी पोचल्यावर गप्प बसायला सांगत नाही. उलट स्तोत्रकार तिथेच रेंगाळतात. डोळे कमळासारखे, ओठ, हसू, भुवया. तुकोबा बरोबर त्या जागी एक क्रियापद ठेवतात. शिवाय ही चढणही सरळ नाही. विटेवरून कमरेवर, कमरेवरून गळ्याशी, परत कासेशी, मग एकदम कानांशी, पुन्हा कंठाशी. पायरी पायरीने चढणारी नजर अशी जात नाही. खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे आपण बघतो तशी ही नजर आहे, इकडे तिकडे भिरभिरणारी, आणि चेहऱ्यावर जायला थोडी बिचकणारी.

साचा वापरला हे मान्य. पण त्या साच्यातही कमरेवरचे हात आणि पायाखालची वीट फक्त या देवाची आहेत, आणि तीच सगळ्यात आधी आली आहेत. त्याची स्वतःची ओळख आधी, विष्णूची लक्षणं मागून.

'समाधान' या शब्दावर मात्र थांबले आहे. कदाचित तुमचं बरोबर असेल.

सांजसावली

समाधानाचाच प्रश्न असेल तर तुकोबांचा दुसरा अभंग शेजारी ठेवावा लागेल.

राजस सुकुमार मदनाचा पुतळा ।
रविशशिकळा लोपलिया ॥
कस्तुरीमळवट चंदनाची उटी ।
रुळे माळ कंठीं वैजयंती ॥
मुगुट कुंडलें श्रीमुख शोभलें ।
सुखाचें ओतलें सकळही ॥
कासे सोनसळा पांघरे पाटोळा ।
घननीळ सांवळा बाइयांनो ॥
सकळही तुम्ही व्हा गे एकीसवा ।
तुका म्हणे जीवा धीर नाहीं ॥

इथे उपमा आहेत, आणि लगेच मोडीतही निघतात. मदनाचा पुतळा म्हटलं, पण सूर्यचंद्राच्या कळा लोपल्या. ज्यांच्याशी तुलना करायची तेच विझले, तर मोजायचं कशाने? मग ते जे म्हणतात ते मला सगळ्या मराठी कवितेत अपूर्व वाटतं: 'सुखाचें ओतलें सकळही'. मूर्ती ओततात ती पितळेची, सोन्याची. ही मूर्ती सुखाची ओतलेली आहे. रूप कसं दिसतं हे सांगणं बाजूला राहिलं आणि ते कशाचं बनलं आहे तेवढं सांगितलं.

आणि शेवट! बायांनो, जरा एका बाजूला व्हा, मला धीर निघत नाही. इथे समाधान कुठे आहे? गर्दीत टाचा उंचावून बघणारं माणूस आहे हे.

आणखी एक. दोन्ही कवी हे सगळं बाईच्या तोंडून बोलतात. ज्ञानेश्वरांकडे 'मीचि मी एकली', इथे 'बाइयांनो' आणि 'व्हा गे'. 'सुंदर तें ध्यान'मध्ये मात्र बोलणारी व्यक्ती सरळ तुका आहे. मला असं वाटतं की जिथे आवेग अनावर होतो तिथे ही बोली आपोआप येते. प्रेयसीच्या तोंडी 'मला सांगता येत नाही' हे शोभतं आणि खरं वाटतं. पंडिताने म्हटलं तर तो विनय ठरतो.

आडवाट

'सुखाचें ओतलें सकळही' यापुढे वाद घालवत नाही. मात्र माझं म्हणणं त्याच एका अभंगापुरतं होतं, आणि इथे 'श्रीमुख शोभलें' आहे. म्हणजे मुखाबद्दल बोलायचं तुकोबा मुळीच टाळत नाहीत. 'सुंदर तें ध्यान'मध्ये टाळलं असेल तर ते तिथलंच वैशिष्ट्य. निरंजना, हा पुरावा उलट तुमच्याच बाजूने गेला!

मात्रागण

दोन्ही रचनांची अक्षरं मोजली. कोरडं काम वाटेल, पण हाती काही लागलं.

'सुंदर तें ध्यान' हा मोठा अभंग. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात यमक: सुंदर तें ध्यान (6), उभे विटेवरी (6), कर कटावरी (6), ठेवोनियां (4). एखादं अक्षर कुठे वाढतं, म्हणताना ते सामावून जातं. शेवटचा तुकडा आखूड असल्यामुळे प्रत्येक चरण टेकल्यासारखा संपतो. विटेवर उभं राहण्याचा जो ठामपणा आहे तो चालीआधी अक्षरांतच आहे.

ज्ञानेश्वरांच्या पहिल्या कडव्यात अक्षरं 14, 9, 13, 9. तिसऱ्यात 15, 8, 12, 8. लांब ओळ, मग आखूड. सगळ्या कडव्यांत हे इतकं ठळक नाही, पण या दोन्हींत आहे. आता आखूड ओळींत काय आलं आहे ते बघा: 'न वर्णवे तेथींची शोभा', 'हें तंव कैसेंनि गमे', 'वैखरी कैसेनि सांगें'. लांब ओळीत धाव घेतली, आखूड ओळीत दम संपला. चौथ्या कडव्यातलं 'ठकचि पडिलें कैसें' हेही त्याच जागी आहे. निरंजनाताईंनी 'गेलें तंव'मध्ये जी धडपड दाखवली ती इथे श्वासात दिसते.

दूरदेशी

सांजसावली, बाईच्या तोंडी कबुली शोभते, यावरून तुलसीदास आठवले. रामचरितमानसाच्या बालकांडात फुलवारीचा प्रसंग आहे. सीतेची सखी राम-लक्ष्मणांना बागेत बघून येते आणि बाकीच्या सख्या विचारतात, काय पाहिलंस? ती म्हणते:

स्याम गौर किमि कहौं बखानी ।
गिरा अनयन नयन बिनु बानी ॥

वाणीला डोळे नाहीत आणि डोळ्यांना वाणी नाही. जिने सांगायचं तिने पाहिलेलं नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगता येत नाही. इतकी स्वच्छ मांडणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

याच्या अगदी जवळ जाणारं एक सॉनेट (चौदा ओळींची कविता) शेक्सपिअरचं आहे, 106 क्रमांकाचं. त्यात तो म्हणतो, जुन्या बखरींत सुंदर माणसांची वर्णनं वाचतो तेव्हा वाटतं, त्या जुन्या कवींना तुझंच रूप सांगायचं होतं. पण त्यांनी तुला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कमी पडले. आणि आम्ही, जे आज तुला बघतो आहोत, त्यांना नवल करायला डोळे आहेत पण स्तुती करायला जीभ नाही. ही सॉनेट 1609मध्ये छापली गेली, म्हणजे तुकोबांच्या जन्माच्या आगेमागे. एकमेकांचं नावही कानावर पडण्याची शक्यता नसलेली माणसं डोळे आणि जीभ यांच्यातली तीच दरी दाखवत होती.

फरक मात्र आहे. शेक्सपिअरचा कवी त्याच संग्रहात इतर ठिकाणी ठामपणे सांगतो की माझ्या ओळींत तू टिकशील. शब्द हरले तरी शेवटी राखण शब्दच करणार. ज्ञानेश्वर किंवा तुकोबा विठ्ठलाला शब्दांत टिकवायला निघालेले नाहीत. तो अठ्ठावीस युगं उभा आहेच. त्यामुळे त्यांच्या हरण्यात भीती नाही. हे मला दोन परंपरांमधलं मोठं अंतर वाटतं. ज्याचं सौंदर्य नाशवंत आहे त्याच्यापुढे शब्द कमी पडले तर पोटात खड्डा पडतो. ज्याचं टिकणार आहे त्याच्यापुढे कमी पडले तर नुसतं बघत बसता येतं.

ओसरी

केशवसुतांना (1866–1905) इथे जागा द्यावी. 'झपूर्झा'त ते नेमक्या याच कोंडीत सापडतात:

कांही न दिसे दृष्टीला
प्रकाश गेला, तिमिर हरपला;
काय म्हणावें या स्थितिला?
झपूर्झा! गडे झपूर्झा!

'काय म्हणावें या स्थितिला?' हा प्रश्न म्हणजे 'वैखरी कैसेनि सांगें'चीच भावकी. पण उत्तर बघा. भाषेत शब्द नाही ना, मग खेळणाऱ्या मुलींच्या तोंडचा, अर्थ झिजून नुसता नाद उरलेला एक शब्द उचलला. ज्ञानेश्वर थांबतात, तुकोबा बघत राहतात, केशवसुत फेर धरतात.

ज्ञानेश्वरांकडे सगळा प्रकाशच प्रकाश. केशवसुतांकडे प्रकाशही गेला आणि अंधारही.

जुनेरी_पोथी

ज्ञानेश्वर थांबतात खरे, पण शब्दावर रुसून नाही. 'अमृतानुभवा'त शब्दखंडनाचं आख्खं प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात मात्र शब्दाच्या कौतुकाने होते: 'बाप उपेगी वस्तु शब्दु । स्मरणदानीं प्रसिद्धु । अमूर्ताचा विशदु । आरिसा नव्हे?' केवढी उपयोगी वस्तू आहे हा शब्द, आठवण करून देण्यात प्रसिद्ध, अमूर्ताचा स्वच्छ आरसाच. एवढा मान देऊन मग त्याची मर्यादा दाखवली आहे. (अभंगांचे आणि ग्रंथांचे ज्ञानेश्वर एकच की दोन हा जुना वाद मला माहीत आहे, तो इथे नको.)

'स्मरणदान' या शब्दावर मी अनेकदा अडखळतो. शब्द वस्तू देत नाही, तिची आठवण देतो. 'सुंदर तें ध्यान'मधली यादी अशी वाचली तर? ज्याने ते रूप पाहिलं आहे त्याला वीट, हात, तुळस एवढे तीन शब्द पुरतात. बाकीचं त्याचं तो आठवतो.

मंद्र

इतके दिवस नुसतं ऐकत होतो. (मला जन्मापासून दिसत नाही. फोन वाचून दाखवतो.) दोन्ही कविता माझ्यापर्यंत कशा पोचल्या ते सांगावंसं वाटलं.

'सुंदर तें ध्यान' मला लहानपणी समजलं ते शरीराने. कुणीतरी माझे दोन्ही हात धरून माझ्याच कमरेवर ठेवले आणि पाय जुळवून उभं केलं. म्हणाले, असा उभा आहे. तुळशीची माळ हातात दिली, वास घेतला. पीतांबराचा पोत बोटांनी पाहिला. तुकोबांनी चंद्र-कमळ आणलं असतं तर मी बाहेर राहिलो असतो. त्यांनी ज्या गोष्टी मोजल्या त्या जवळजवळ सगळ्या मला हाताने बघता येतात. मुख तेवढं राहिलं. 'पाहीन' हा शब्द मी म्हणतो तेव्हा त्यात पुढचा काळ खराच असतो.

'पांडुरंगकांती'चं उलट. तेज, प्रभा, कीळ हे माझ्यासाठी ऐकीव शब्द. म्हणून पहिलं कडवं मी नादासाठी ऐकायचो आणि ते माझं नाही असं समजायचो. पुढे चौथ्या कडव्याशी आलो आणि चकित झालो. पाया पडायला जावं तर पाऊल सापडत नाही. समोर तोंड आहे की पाठ, कळत नाही. मिठी मारायला हात पसरावे तर मध्ये कुणी नाही. हे माझं रोजचं आहे! एवढा उजेड पाडून त्या कवीने डोळसांनाही शेवटी हातांनी चाचपडायला लावलं आहे.

वेल्हाळ

मंद्र, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? दोनदा वाचलं.

निरंजना

मंद्र, मी सुरुवातीला लिहिलं होतं की दिव्याकडे थेट बघितलं की आकार हरवतो. ते पहिल्या कडव्यापुरतंच होतं आणि तिथेच मी थांबले होते. तिथून पुढे ती कविता डोळे सोडून हातांकडे जाते हे मला तुमच्यामुळे कळलं. 'पाउलचि न दिसे'मधलं 'न दिसे' मी नजरेचं समजत होते. आधी 'पडूं गेलें' आहे, वाकणं आहे, हात पुढे जाणं आहे. न दिसणं हे हातांचं आहे.

आणि जुनेरी_पोथी, 'स्मरणदान' घेतलं. तुकोबांना धडपड करावी लागली की नाही, या आडवाटांच्या प्रश्नाचं मला आता वेगळं उत्तर सुचतं. 'सुंदर तें ध्यान' रूप न पाहिलेल्याला दाखवायला लिहिलेलं नसावं. ते पाहिलेल्याने पाहिलेल्यांसोबत म्हणायचं आहे. तिथे वर्णनाचं ओझंच उतरतं. 'कानडा हो'मधली बाई मात्र एकटीच आहे, 'मीचि मी एकली'. तिला हे सांगायला सोबत कुणी नाही, म्हणून तिची सगळी तारांबळ.

एकच शंका उरते. शेवटच्या कडव्यात 'दृष्टीचा डोळा' म्हणजे नेमकं काय? बघणाऱ्या डोळ्यालाच बघायला गेले, असं मी वाचते. म्हणजे रूप पकडायचं सोडून, जे रूप बघतं आहे ते पकडायला गेले, आणि तिथे 'पालटु' झाला. 'सौरसु' या शब्दाचाही अर्थ मला पुरता लागलेला नाही.

सांजसावली

'दृष्टीचा डोळा' मीही तसंच वाचते. बघणाऱ्याला बघायला गेलं की बघणं आणि बघितलेलं वेगळं राहत नाही, म्हणून शब्दाला दोघांच्या मध्ये उभं राहायला जागाच नाही.

पण ताई, ती नेहमीच एकटी नाही. ज्ञानेश्वरांचाच दुसरा अभंग आठवा. तिथे तिला सांगायला मैत्रीण मिळाली आहे:

रूप पाहतां लोचनीं । सुख जालें वो साजणी ॥
तो हा विठ्ठल बरवा । तो हा माधव बरवा ॥

अमृताशी पैज लावणाऱ्या कवीला साजणी भेटली, आणि तिला सांगायला एवढाच शब्द पुरला. बरवा. तोच दोनदा.